योहानेस बोब्रोव्स्की कसा वाचावा

योहानेस बोब्रोव्स्की या जर्मन कवी-कादंबरीकाराचे नाव ऐकून त्याच्याकडे वळणारा वाचक बहुधा आधी कवितासंग्रह उघडतो आणि दहा-बारा पानांतच अडतो. नद्यांची, गावांची, नामशेष झालेल्या जमातींची आणि दिवंगत कवींची नावे एकामागून एक येत राहतात, कवी त्यांचा खुलासा करत नाही, आणि ओळी इतक्या तोकड्या असतात की संदर्भ हाती लागण्याआधीच कविता संपलेली असते. मग ‘निसर्गकविता, पण दुर्बोध’ असा शेरा मारून पुस्तक मिटले जाते. हे टाळायचे असेल तर आधी नकाशा पाहावा, मग एक छोटी कथा वाचावी, मग कादंबरी, आणि कवितांकडे त्यानंतर यावे. पुस्तके प्रकाशनाच्या क्रमानेच वाचण्याचा आग्रह येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण बोब्रोव्स्कीची महत्त्वाची पुस्तके १९६१ पासूनच्या अवघ्या सहा-सात वर्षांत छापली गेली आणि त्या सगळ्यांचा विषय एकच आहे: जर्मन लोक आणि त्यांचे पूर्वेकडचे शेजारी, आणि त्या शेजारात जर्मनांकडून शतकानुशतके घडत आलेले अपराध.

चरित्राचा थोडाच भाग वाचनाला लागतो, पण तो नेमका ठाऊक असावा. बोब्रोव्स्कीचा जन्म ९ एप्रिल १९१७ रोजी पूर्व प्रशिया या तेव्हाच्या जर्मन प्रांतातील टिल्झिट या मेमेल नदीकाठच्या शहरात झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते. शालेय शिक्षण मुख्यतः क्योनिग्सबर्गमध्ये झाले, आणि सुट्ट्या नदीपलीकडच्या खेड्यांत, आजी-आजोबांकडे गेल्या. १९३८ मध्ये कुटुंब बर्लिनला आले. नाझी सत्तेच्या ताब्यात जायला नकार देणाऱ्या ‘बेकेनंडे किर्शे’ या प्रोटेस्टंट चळवळीशी त्याचा संबंध होता. तरीही १९३९ ते १९४५ अशी सारी युद्धवर्षे त्याने जर्मन सैन्याच्या संदेशवहन दलात काढली. पोलंड आणि फ्रान्सनंतर त्याची तुकडी सोव्हिएत भूमीवर गेली आणि तेथे, नोव्हगोरोदजवळच्या इल्मेन सरोवराकाठी, १९४१ मध्ये तो लिहू लागला. युद्ध संपताना तो कैद झाला, दोनेत्स खोऱ्यातील कोळशाच्या खाणींत राबला आणि १९४९ च्या अखेरीस पूर्व बर्लिनमधील फ्रीडरिशहागेन या उपनगरात घरी परतला. पुढे शेवटपर्यंत त्याने प्रकाशनसंस्थांत संपादकाची नोकरी केली. १९५५ मध्ये पेटर हूखेल यांनी ‘झिन उंड फोर्म’ या नियतकालिकात त्याच्या कविता छापल्या. पहिला संग्रह निघाला तेव्हा त्याचे वय त्रेचाळीस होते. २ सप्टेंबर १९६५ रोजी, अपेंडिक्स फुटल्याचे निमित्त होऊन, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

यातली एक गोष्ट वाचताना सतत ध्यानात ठेवावी, ती म्हणजे ज्या प्रदेशावर त्याने जीव लावला त्याच प्रदेशावर चालून गेलेल्या सैन्याचा गणवेश त्याच्या अंगावर होता. आपण रशियन भूमीविषयी लिहायला लागलो ते परका म्हणून, जर्मन म्हणून, असे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. त्याच्या कवितेतला ‘मी’ म्हणूनच निरागस नाही. काही चाहते त्याला निष्पाप साक्षीदार करून टाकतात आणि काही टीकाकार सैनिक होता म्हणून त्याला बाद ठरवतात. दोघांच्याही हातून कविता निसटते.

नकाशा दोन प्रकारचा लागेल. पहिला १९३० च्या सुमाराचा, म्हणजे पूर्व प्रशिया अस्तित्वात असतानाचा, आणि दुसरा आजचा. टिल्झिटचे आता रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतातील सोवेत्स्क झाले आहे, क्योनिग्सबर्गचे कालिनिनग्राद, आणि मेमेल नदीला लिथुआनियन लोक नेमुनास तर रशियन नेमान म्हणतात. वहीत तीन रकाने आखून जर्मन नाव, स्थानिक नाव आणि आजचा देश अशी नोंद करत गेल्यास पुढचे बरेच श्रम वाचतात. मेमेलच्या उत्तरेचा पट्टा १९२३ ते १९३९ या काळात लिथुआनियाकडे होता, त्यामुळे टिल्झिटहून पलीकडच्या तीरावर जाणे म्हणजे त्या वर्षांत देशाची सीमा ओलांडणे होते, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे. ‘सार्मातिया’ हे नाव मात्र यांपैकी कोणत्याही नकाशात सापडणार नाही. प्राचीन भूगोलवेत्त्यांनी पूर्व युरोपच्या विस्तीर्ण मैदानाला दिलेले ते नाव आहे. पोल, लिथुआनियन, रशियन, जर्मन आणि या सर्वांमध्ये वस्ती करून असलेले ज्यू अशा सगळ्यांना सामावून घेणारा आणि आजच्या कोणत्याच राष्ट्राच्या मालकीचा नसलेला शब्द त्याला हवा होता. १९६१ च्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘झार्माटिशे त्साइट’, म्हणजे ‘सार्मातियाचा काळ’, असे आहे ते यामुळेच.

नकाशा झाला की ‘मॉयझेफेस्ट’, म्हणजे ‘उंदरांचा उत्सव’, ही कथा घ्यावी. ती जेमतेम काही पानांची आहे. काळ १९३९ चा, जर्मन फौजा पोलंडमध्ये नुकत्याच शिरल्या आहेत. मोइझे ट्रुम्पेटर हा म्हातारा ज्यू दुकानदार आपल्या रिकाम्या दुकानात बसून उंदरांचा खेळ पाहतो आहे आणि चंद्र त्याच्या सोबतीला आला आहे. एक जर्मन सैनिक, अगदी पोरसवदा, आत येतो, काही वेळ थांबतो, उंदरांकडे पाहतो आणि निघून जातो. इतकेच घडते. पहिल्या वाचनात ही परीकथा वाटते. दुसऱ्या वाचनात फक्त चंद्राची वाक्ये पाहावीत. आलेला माणूस जर्मन होता, हे तो म्हाताऱ्याला बजावतो, आणि पळून जायचे नाही, लपायचे नाही, मग करणार तरी काय, अशा अर्थाचे बोलतो. यावर माझे माझ्या देवाशी वाजणार आहे, अशा आशयाचे मोइझेचे उत्तर येते आणि कथा संपते. पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक आहे, म्हणून लेखक एक शब्दही जास्त खर्च करत नाही. कवितांतही तो वाचकावर असाच विसंबून राहतो, तेव्हा ही सवय येथेच करून घ्यावी.

त्यानंतर मुख्य पुस्तक: ‘लेविन्स म्यूले’, म्हणजे ‘लेविनची पाणचक्की’. ही कादंबरी १९६४ ची असून तिचे उपशीर्षक ‘माझ्या आजोबांविषयी ३४ वाक्ये’ असे आहे. कथानक १८७४ मधले, पश्चिम प्रशियात ड्रेवेंत्स नदीजवळच्या एका खेड्यातले. निवेदकाचा आजोबा हा सधन जर्मन चक्कीवाला. खालच्या अंगाला लेविन नावाच्या ज्यू तरुणाने स्वतःची लहानशी पाणचक्की उभारली आहे. एका रात्री आजोबा अडवून ठेवलेले पाणी सोडून देतो आणि लेविनची चक्की वाहून जाते. गुन्हेगार कोण हे पहिल्याच पानावर कळते, कारण आजोबांनी चक्की कशी वाहवून टाकली हे सांगणे कदाचित चुकीचे असेल, पण कदाचित नसेलही, अशीच निवेदकाची सुरुवात आहे. तेव्हा रहस्यकथेच्या अपेक्षेने पाने उलटू नयेत. पाहायचे ते असे की आपल्याच घरातला अपराध सांगताना निवेदकाची जीभ कुठे अडखळते, कुठे तो विषय बदलतो आणि कुठे स्वतःलाच टोकतो.

ही कादंबरी वाचताना दोन युक्त्या उपयोगी पडतात. पहिली पात्रांच्या यादीची. आडनावावरून जात-जमात ओळखण्याची सवय आपल्या अंगात इतकी मुरलेली आहे की मराठी वाचक येथे हमखास फसतो, आणि लेखकाला तेच हवे आहे. या गावातल्या जर्मनांची आडनावे कामिन्स्की, टोमाशेव्स्की आणि कोसाकोव्स्की अशी पोलिश वळणाची आहेत, तर पोलिश लोकांची लेब्रेश्ट आणि गेरमान अशी अस्सल जर्मन. जर्मनपणाचा ताठा मिरवणाऱ्या आजोबालाही भुताटकीच्या प्रसंगांत भेटायला येतो तो पोलेस्के नावाचा पोलिश पूर्वज. त्यामुळे यादीत प्रत्येकापुढे धर्मपंथ, तो बोलतो ती भाषा आणि तो कोणाच्या बाजूने उभा राहतो असे तीन तपशील लिहावेत, आणि आडनावावर मुळीच भिस्त ठेवू नये. दुसरी युक्ती वाक्यांची. निवेदक मधूनमधून ‘हे अमुकावे वाक्य’ असे जाहीर करतो. तेथे पेन्सिलीने समासात खूण करावी. ३४ चा हिशेब काटेकोरपणे जुळवण्याच्या भरीस पडू नये. त्या खुणांशी पुन्हा येऊन तेवढीच वाक्ये सलग वाचली की आजोबावर ठेवलेल्या आरोपपत्राचा सांगाडा दिसतो.

सुरुवातीलाच एक सुंदर जागा आहे. ड्रेवेंत्स ही पोलंडमधली एक उपनदी आहे, असे पहिले वाक्य निवेदक मांडतो. लगेच त्याला शंका ऐकू येते की म्हणजे तुझा आजोबा पोल होता तर. नव्हता, असे उत्तर देऊन त्याला ते वाक्य मोडून नव्याने रचावे लागते. भूगोलाचे साधे विधानसुद्धा या प्रदेशात कोणाच्या तरी बाजूचे ठरते, हे लेखकाने येथे तीन-चार ओळींत दाखवले आहे; इतिहासाच्या जाड ग्रंथांतून ते मला इतके स्पष्ट कधी कळले नव्हते.

आजोबाच्या बाजूला चर्चची मंडळी, पोलीस आणि न्यायालय आहे. लेविनच्या बाजूला हाबेडांक हा जिप्सी फिडलवादक, त्याची मुलगी मारी, भटका गायक वाइसमांटेल आणि एक फिरती सर्कस. न्यायालय जे करत नाही ते गाणे करते: गुन्हा चारचौघांत गायला जातो. लेविनला चक्की परत मिळत नाही. तो मारीबरोबर निघून जातो आणि आजोबाही चक्की विकून गाव सोडतो. कादंबरीच्या अखेरीस आजोबा चित्रकार फिलिपीला सांगतो की मला आता शांतपणे राहू द्या, आणि फिलिपी म्हणतो: नाही. निवेदक हेच शेवटचे वाक्य म्हणून स्वीकारतो. १९६४ साली, युद्धाला वीस वर्षे होत आली असताना आणि ‘आता पुरे झाले’ असे बर्‍याच जर्मनांना वाटू लागले असताना हा शब्द छापला गेला, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते. होर्स्ट झीमान यांनी १९८० मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला. तो पाहायचा असल्यास पुस्तकानंतर पाहावा, कारण निवेदकाचे अडखळणे पडद्यावर येणे कठीण असते.

आता कविता. सुरुवात ‘बेरिश्ट’, म्हणजे ‘अहवाल’, या कवितेपासून करावी, कारण तिच्यात निसर्ग नाही आणि ‘निसर्गकवी’ हा शिक्का ती पहिल्याच फटक्यात पुसून टाकते. वॉर्साच्या गेटोतून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, नेल्या जाणाऱ्या गाडीतून निसटलेली बाइला गेल्ब्लुंग जंगलांतून हिंडते, ब्रेस्ट-लितोव्स्कमध्ये पकडली जाते, जर्मन अधिकारी तिची चौकशी करतात, आणि या प्रसंगाचा एक फोटो आहे. कविता एवढेच सांगते. वाचताना त्या तरुणीचा उल्लेख कसा बदलतो हे पाहावे: प्रथम तिचे पूर्ण नाव, मग ‘मुलगी’, मग ‘पार्टिझन’, म्हणजे गनिमी लढवय्यी, पकडणाऱ्यांच्या कागदात माणूस जसा शिरतो तसाच. त्यानंतर कविता अधिकाऱ्यांकडे वळते. ते तरुण आहेत, त्यांचा गणवेश निर्दोष आहे, चेहरे निर्दोष आहेत, उभे राहण्याची ढब बिनचूक आहे. तेच विशेषण गणवेशाला आणि चेहऱ्याला लावले की उपरोध वेगळा करावा लागत नाही. शिवाय हे लिहिणारा त्याच गणवेशात सहा वर्षे वावरला होता.

दुसरी कविता ‘होलुंडरब्ल्यूटे’, म्हणजे होलुंडर या पांढऱ्या फुलांच्या झुडपाचा बहर. येथे रशियन ज्यू लेखक इसाक बाबेल स्वतः येऊन सांगतो की लहानपणी झालेल्या दंगलीत माझ्या कबुतराचे डोके तोडले गेले. बाबेलची कबुतरखान्यावरची कथा आधी वाचलेली असेल तर उत्तमच. अखेरीस लोकांच्या विसरभोळेपणामुळे हे झाड मरून जाईल, अशी तक्रार येते. झाडे, पक्षी, नद्या त्याच्या कवितेत भरपूर आहेत, पण त्या निसर्गात कोणी ना कोणी मारले गेलेले असते, हे या दोन कवितांनंतर आपोआप दिसू लागते. मग ‘प्रुझ्झिशे एलेगी’ या विलापिकेकडे जावे. तेराव्या शतकात जर्मन सरदारसंघाने जिंकून घेतलेल्या बाल्टिक जमातीवरची ही कविता आहे. जिंकणाऱ्यांनी पुढे त्याच जमातीचे नाव घेऊन स्वतःला प्रशियन म्हणवले.

कविता मोठ्याने वाचाव्यात. त्याच्या सुरुवातीच्या रचना प्राचीन ग्रीक वृत्तांतील ओड आहेत, आणि अठराव्या शतकातील कवी क्लॉपश्टॉक याला तो आपला शिस्त लावणारा गुरू मानत असे. पुढे वृत्त सुटले, पण ओळ जेथे तुटते तेथे श्वास घ्यायचाच, हा नियम कायम राहिला. जर्मन जेमतेम येत असले तरी मूळ कविता मोठ्याने वाचून मग रूथ आणि मॅथ्यू मीड यांचे इंग्रजी भाषांतर पाहावे. कादंबरीसाठी जॅनेट क्रॉपर यांचे इंग्रजी भाषांतर आहे. मॅक्सम्युलर भवनात दोन-तीन वर्षे जर्मन शिकलेल्याला ‘मॉयझेफेस्ट’ शब्दकोशाच्या आधाराने मूळातून झेपेल. कादंबरीची बोलीवळणाची भाषा मात्र त्याहून पुष्कळ अवघड आहे.

‘पूर्व जर्मन लेखक’ एवढ्यावरही त्याला निकालात काढू नये. पहिला संग्रह श्टुटगार्ट आणि पूर्व बर्लिन अशा दोन्हीकडे एकाच वर्षी निघाला, आणि ते बर्लिनची भिंत उभी राहण्याचे वर्ष होते. १९६२ मध्ये ‘ग्रुप्पे ४७’ या लेखकगटाचे पारितोषिक त्याला मिळाले तेही पश्चिम बर्लिनमध्ये.

त्याच्या मृत्यूनंतर १९६६ मध्ये आलेली ‘लिटाउइशे क्लाविरे’, म्हणजे ‘लिथुआनियन क्लाविर-वाद्ये’, ही कादंबरी सर्वांत शेवटी ठेवावी. १९३६ च्या जूनमध्ये टिल्झिटचे दोन जर्मन गृहस्थ, एक प्राध्यापक आणि एक वादक, लिथुआनियन कवी-पाद्री क्रिस्तियोनास डोनेलायटिस याच्यावर ऑपेरा रचण्याच्या तयारीसाठी नदी ओलांडतात, आणि पलीकडे राष्ट्रवादाने तापलेले दोन्ही बाजूंचे मेळावे त्यांना दिसतात. डोनेलायटिस अठराव्या शतकातला. तो ऋतूंवर दीर्घकाव्य लिही आणि हाताने वाद्येही बनवी. त्याच्या ‘मेताय’ या काव्यातील एखादा ऋतू तरी आधी वाचलेला असावा, कारण उत्तरार्धात गावचा शिक्षक पोचका त्याच्याच काळात वावरू लागतो आणि दोन शतकांमधली सीमा पुसट होते. तेथे कोण कोणत्या काळात बोलतो आहे हे कळेनासे झाले तर मागे न जाता तसेच पुढे वाचत राहावे, आणि प्रकरण संपल्यावर तेवढाच भाग पुन्हा घ्यावा. एबरहार्ड हाउफे यांनी संपादित केलेल्या सहा खंडांच्या समग्र साहित्यात शेवटचे दोन खंड टिपांचे आहेत. ते याच टप्प्यावर उघडावेत, त्याआधी नव्हे.