गढीत घरं आहेत? मग जतन करताना या चुका टाळा

आमच्या गावची गढी रिकामी नाही. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, १९५१ साली गेली, तिच्या मागोमाग मालगुजाराचा वाडा ओस पडला. चारपैकी दोन बुरुज ढासळले आणि मग त्या पडक्या कोटाच्या आत पुन्हा चुली पेटल्या. आज तिथे सतरा घरं आहेत. काही कुटुंबं गोसेखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा आली, काहींचं घर २०२० च्या ऑगस्टअखेरच्या वैनगंगेच्या पुरात गेलं म्हणून आली. धरणवाल्यांना पुनर्वसनात प्लॉट मिळाले होते, नाही असं नाही. पण पिढ्यानपिढ्या मासे धरणाऱ्या ढिवराला नदीपासून लांब माळावर प्लॉट दिला तर त्यानं जाळं काय नळाखाली टाकायचं? ते परत नदीकडे सरकले. नदीजवळ उंच, कोरडी आणि कुणी हटकणार नाही अशी जागा एकच होती.

शाळेतून निवृत्त झाल्यावर गावातली चार पोरं घेऊन मी या गढीच्या मागे लागलो. आठ वर्षं झाली. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत, त्यातल्या निम्म्या आम्हीच केलेल्या आहेत.

‘आधी माणसं काढा’ इथून सुरुवात

पहिल्याच ग्रामसभेत आमच्यातला एक उत्साही पोरगा उठला आणि अतिक्रमण हटवा म्हणाला. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली नोटिसा निघाल्या. काढलं कुणालाच नाही, पण पुढचं वर्षभर आम्हाला गढीच्या दिंडी दरवाज्यातून आत पाऊल टाकू दिलं नाही. त्या वर्षात कोटाच्या विटा जितक्या गेल्या, तितक्या आधी कधी गेल्या नव्हत्या. गढीतल्या लोकांचा हिशेब सरळ होता. उद्या हाकलणारच आहेत, तर भिंत कुणासाठी राखायची? निघायच्या आधी चार विटा तरी कामी येऊ देत.

याच्या उलटही पाहिलंय. शेजारच्या गावची गढी पूर्ण रिकामी आहे. तीन वर्षांत तिची सागवानी चौकट गेली, पायऱ्यांचे दगड गेले, आणि पांढरी माती ट्रॅक्टरनं शेतात पसरली. गढीची माती शेताला खतासारखी लागते हे सगळ्या शिवाराला ठाऊक आहे. आमच्या गढीची तुळई अजून जागेवर आहे, कारण तिच्या खांबाला एका घरच्या शेळ्या बांधलेल्या असतात.

म्हणून कामाची सुरुवात यादीनं करा. कोटाची लांबी पावलांनी मोजा, तुकडे पाडा, आणि कुठल्या तुकड्याला कुठलं घर टेकलंय ते लिहा. मग दुपारी, स्वयंपाक-धुणी उरकल्यावर, बायांशी बोला. ग्रामसभेत बाया बोलत नाहीत आणि बाप्ये भिंतीकडे पाहत नाहीत. रात्री कुठून माती झरते, कुठल्या कोपऱ्यात ओल येते, कुठल्या भोकात साप राहतो, हे तिथे झोपणाऱ्यालाच ठाऊक असतं.

पाण्याचा माग न काढता डागडुजी

मातीचा किंवा माती-विटांचा कोट पडतो तो पाण्यानं. तोफेनं पडलेली गढी मी पाहिलेली नाही.

मोठ्या बुरुजाचा पायथा सुटत चालला होता. गावात सगळ्यांचं मत एकच, आतल्या लोकांनी पोखरला. एका दुपारी त्या बुरुजाला टेकून राहणाऱ्या आजींच्या दारात बसलो. बुरुजाला लागूनच त्यांची भांडी घासायची फरशी. राखेचं पाणी फरशीवरून निघायचं, बोटभर उताराला लागायचं आणि विटांच्या पहिल्या थरात गायब व्हायचं. जमिनीपासून कमरेपर्यंत भिंत काळपट, आणि त्या काळ्याच्या वरच्या कडेला मिठासारखी पांढरी रेघ. मी विटेवर बोट दाबलं तर ते पेराएवढं आत गेलं.

म्हटलं, “आजी, पाणी इथं सोडू नका.”

“मंग कुठी सोडाव जी गुरुजी? नाली तं तुमच्याच बाजूनं संपते.”

बाहेर येऊन पाहिलं. पंचायतीची सिमेंटची नाली दरवाज्याच्या वीसेक पावलं अलीकडे थांबली होती. पुढे अतिक्रमण, म्हणून निधी नाही. सतरा घरांचं सांडपाणी रोज कोटाच्या पायात मुरत होतं आणि आम्ही बुरुजावर झेंडा लावायची तयारी करत होतो.

उपाय साधाच निघाला. फरशी भिंतीपासून हात-दोन हात सरकवली, उतार उलटा केला, चार इंची पाइप टाकून पाणी दरवाज्याबाहेर नालीत जोडलं. दोन रविवारचं श्रमदान. दोन पावसाळ्यांनंतर ती पांढरी रेघ कमरेवरून गुडघ्याच्या खाली आली.

इथेच एक पोटचूक सांगतो. पाणी मुरवायला भिंतीजवळ शोषखड्डा खणू नका. आमच्याकडे वरची माती पांढरी असली तरी खाली काळी आहे. काळी माती पाणी पटकन पीत नाही, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उभं असलेलं सगळं सोबत हलवते. खड्डा निदान भिंतीच्या उंचीइतका तरी दूर ठेवा. हा आमचा अनुभवाचा आकडा आहे, पुस्तकातला नाही.

पाण्याची दुसरी वाट डोक्यावरून. कोटाच्या माथ्यावर पोरांची पायवाट पडते, तिथे खळगा होतो, खळग्यात पाणी साचतं आणि भिंत मधून चिरते. मे महिन्यात माथा एकदा चालून पाहायचा. खळगे पांढरी माती, शेण आणि कुटार (भुसा) कालवून भरायचे आणि उतार बाहेरच्या बाजूला काढायचा. आम्ही एका तुकड्यावर जुनी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, पालथी घातली आहेत. दिसायला जरा विचित्र, पण तो तुकडा सगळ्यात कोरडा आहे.

सिमेंट

ही चूक माझी. दरवाज्याच्या आतल्या देवळीच्या विटा निसटत होत्या. मी स्वतःच्या पैशानं सिमेंटची गोणी आणली आणि गवंड्याकडून गिलावा करून घेतला. वर्षभर छान दिसला, लोकांनी कौतुक केलं. तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याचा अख्खा पापुद्रा सुटून पडला आणि त्याच्यासोबत जुन्या विटांचा दर्शनी भागही निघून आला.

कारण असं. जुनी वीट आणि माती ओल घेतात आणि सोडतात. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो. ओल आत अडकते, सोबतचे क्षार सिमेंटच्या मागे साचतात आणि वीट आतून भुगा होते. शिवाय सिमेंट विटेपेक्षा कडक. भिंत जरा हलली की फुटते ती वीट, सिमेंट तसंच राहतं.

मातीच्या भिंतीला मातीच लागते, आणि विटा-दगडाच्या जुन्या कामाला चुना. चुना चांगला विझवून मुरवलेला हवा, त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. आमच्या भागातले जुने गवंडी गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचे. चुन्याचं काम भर उन्हाळ्यात काढू नका, आमच्या पंचेचाळीस अंशांत ते मुरायच्या आधीच वाळतं. पावसाळा सरला की दिवाळीनंतर करा आणि ओलं गोणपाट टाकून निदान आठ-दहा दिवस ओलं ठेवा. आणि आधी केलेलं सिमेंट छिन्नीनं ठोकून काढायची घाई नको. घट्ट बसलेलं राहू द्या, सुटलेलं तेवढंच काढा.

पडलेली माती जेसीबीनं साफ करणं

स्वच्छता मोहीम म्हटली की कुणीतरी जेसीबी आणतोच. ढासळलेल्या कोटाच्या पायाशी जो ढीग असतो, तो बऱ्याचदा उरलेल्या भिंतीला टेकू देत असतो. ढीग उचलला की वरचं धड पुढच्या पावसात खाली येतं, आणि इथे तर भिंतीआड माणसं झोपलेली असतात. ढीग हातानं, थोडा थोडा, आणि फक्त वाटेत येतो तेवढाच हलवा. सापडलेल्या अख्ख्या विटा एका जागी रचून ठेवा. त्याच मापाच्या विटा पुन्हा बाजारात मिळत नाहीत.

पिंपळ ओढून काढणं

बोटभर रोप पावसाळ्यात ओल्या भिंतीतून अलगद निघतं. मनगटाएवढं खोड झालं की ओढायचं नाही, मुळासोबत चार फूट भिंत येते. रॉकेल, ॲसिड ओतण्यानं विटाच खराब होतात. खोड बुडाशी कापा, दर महिन्याला फुटवे खुडत राहा. दोनेक वर्षांत मूळ मरतं, मग पोकळी चुन्यानं भरा. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावर इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून झुडपं काढायचं जे काम केलं, ते पाहून आमच्या पोरांना धीर आला. पण तिथेही खरी गोष्ट चिकाटीची होती, कुऱ्हाडीची नव्हे.

पिंपळ कापायला घरचे लोक तयार होत नाहीत, हेही धरून चला. आमच्या गढीत एक पिंपळ राहिलाय. त्याला दिवा लागतो, आम्ही त्याच्याकडे पाहत नाही.

शौचालयाचा खड्डा कुठेही खणणं

माणसं राहतात तर शौचालय लागणारच, त्याला अडवणं हा करंटेपणा. पण खड्डा जागा पाहून खणा. आपल्याकडच्या बऱ्याच गढ्या जुन्या वस्तीच्या पांढरीवर, म्हणजे तिच्या मातीच्या टेकाडावर, बसलेल्या आहेत. गोसेखुर्दजवळच्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला. कुही तालुक्यातल्या अडमला मातीच्या कोटाआड प्राचीन नगर सापडलं. तुमच्या गढीखाली काय आहे ते खणल्याशिवाय कळत नाही, आणि खणलं की मोडतं. शक्य तिथे कोटाबाहेर सामाईक शौचालयाची रांग बांधा. आत खड्डा घ्यायचाच असेल तर जिथे आधीच खणलंय तिथेच. खापरं, मणी, नाणी निघाली तर थांबा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे.

त्यावरून आठवलं. गुप्तधनवाले येतातच. अमावास्या, लिंबू, कोंबडा घेऊन. आमच्याकडे दोनदा आले, दोन्ही वेळा गढीतल्याच लोकांनी पळवले. गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली असले अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, ठाण्यात सरळ तक्रार द्या.

कागद न पाहता पाटी लावणं

‘संरक्षित स्मारक’ अशी पाटी आम्ही हौसेनं रंगवली होती. गढी कुठल्याच यादीत नव्हती! आधी पुरातत्त्व खात्यात विचारा. स्मारक केंद्राच्या यादीत असेल तर प्राचीन स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनुसार भोवतीच्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनं. त्या १०० मीटरमध्ये १६ जून १९९२ च्या आधीचं घर असेल तर दुरुस्तीची परवानगी मागता येते, हे लोकांना कुणी सांगत नाही. राज्याच्या यादीसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. दोन्हीकडे नाव नसेल, बहुतेक गढ्यांचं नसतं, तर ग्रामपंचायतीचा ठराव हेच तुमचं हत्यार.

घरवाल्यांच्या बाजूनंही एक गैरसमज असतो. घरटॅक्सची पावती किंवा नमुना ८ चा, म्हणजे पंचायतीच्या घरपट्टी नोंदीचा, उतारा म्हणजे मालकी नव्हे. त्यांना तसं भासवू नका, पुढे फसवल्यासारखं होतं. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी होते, त्याआधी चुन्यानं हद्दी आखतात. त्या दिवशी हजर राहा. आम्ही राहिलो नाही म्हणून कोटाचा एक तुकडा घराच्या हद्दीत आखला गेला होता. नंतर त्याच घरच्या काकांनी येऊन सांगितलं की भिंत आमची नाही, तिचा बोजा आमच्यावर नको. कोटाची रेघ घराच्या रेघेपासून वेगळी आखून घ्या. मग त्यांच्या घराचा प्रश्न त्यांच्या कागदानं सुटेल, आणि भिंत त्यात अडकणार नाही.

रंगरंगोटी, ऑइलपेंटची चित्रं, पायथ्यापर्यंत लावलेले गट्टू (फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे), रंगीत दिवे यांबद्दल एवढंच, की गट्टू पावसाचं पाणी थेट भिंतीकडे ढकलतात आणि ऑइलपेंट सिमेंटसारखाच भिंतीचा श्वास कोंडतो. निधी खर्चायचाच असेल तर नाली पुढे न्या.

भेग दिसली की लगेच बुजवणं

बुजवलेली भेग बोलत नाही. ती जुनी आहे की रोज वाढतेय, हे आधी कळायला हवं. काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा, शेजारी तारीख लिहा. वर्षभर काच शाबूत राहिली तर चुन्यानं भरा. फुटली तर खाली काहीतरी हलतंय, आणि भरण्याआधी ते शोधा. भेग रुंद होत असेल, भिंत पोटातून फुगली असेल, तर त्या भिंतीलगतची खाट पावसाळ्यापुरती दुसरीकडे हलवा. जतन नंतर.

आम्ही नऊ पट्ट्या लावल्या. आठ शाबूत आहेत. नववी गेल्या श्रावणात फुटली. आजींनी निरोप धाडला, “गुरुजी, काच फुटली जी,” आणि मी पोचेपर्यंत त्यांच्या नातीनं कोळशानं भिंतीवर तारीख लिहून ठेवली होती. काचेचे दोन्ही तुकडे पेपरात गुंडाळलेले. दोन दिवस भिंतीभोवती फिरलो. सापडलं ते बाहेरच्या बाजूला, पंचायतीच्या हातपंपापाशी. त्याचा ओटा तडकला होता आणि गावभराच्या बादल्यांचं सांडलेलं पाणी तिथून आत झिरपत होतं. ओट्याचं काम सिमेंटचं होतं, ते सिमेंटनंच केलं.