बोटीला रात्रीचे दिवे बसवताना: आधी दिसा, मग बघा

रात्रीच्या मासेमारीची तयारी सुरू झाली की पहिली खरेदी बहुतेक वेळा मोठ्या फ्लडलाइटची होते. चूक तिथेच होते. बोटीवर दोन जातीचे दिवे लागतात: आपण इतरांना दिसावं म्हणून लावायचे आणि आपल्याला काम दिसावं म्हणून लावायचे. पहिले नियमानेच लागतात. दुसरे चुकीच्या जागी बसले तर पहिल्यांना झाकून टाकतात. म्हणून दोन्हींची वायर, फ्यूज आणि स्विच पहिल्यापासून वेगळे ठेवा.

कोणता दिवा कुठे

समुद्रावर टक्कर टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम १२ मीटरपेक्षा लहान इंजिनाच्या बोटीला एक सवलत देतात. डोलकाठीवरचा पुढचा पांढरा आणि मागचा पांढरा असे दोन वेगळे दिवे लावण्याऐवजी चारही बाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. त्याच्या जोडीला डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा लागतो. ही डावी-उजवी बाजू नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून ठरवायची.

लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसला पाहिजे: अगदी समोरून सुरू होऊन बाजूच्या काटकोनाच्या २२.५ अंश मागेपर्यंत. तो १ सागरी मैलावरून आणि पांढरा २ मैलांवरून दिसावा लागतो. पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा निदान १ मीटर उंच हवा. बोट ७ मीटरपेक्षा लहान असेल आणि तिचा कमाल वेग ७ नॉटच्या (तासाला ७ सागरी मैल) वर जात नसेल, तर नुसता पांढरा दिवाही चालतो; पण शक्य असेल तर बाजूचे दिवे लावावेतच.

हे दिवे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत लावायचे, आणि धुक्यात दिवसाही. ट्रॉल जाळं ओढताना वर हिरवा-खाली पांढरा, आणि इतर जाळ्यांनी मासे धरताना वर लाल-खाली पांढरा अशी वेगळी जोडी लागते. नुसते गळ ओढत फिरणारी बोट मात्र त्यात मोडत नाही.

आधी हिशेब

एलईडी दिवे घेतले तर बाजूचे दोन मिळून साधारण ४ वॅट आणि पांढरा ३ वॅट धरा. एकूण ७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ०.६ अँपिअर. दहा तासांना ६ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास) लागतील. १८ वॅटचे दोन फ्लडलाइट चार तास जाळले तर त्यांचे १२ अँपिअर-तास होतात. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतले ५० च आपले समजा. फिश फाइंडर (मासे शोधायचं यंत्र), पंप, वायरलेस यांचा वाटाही त्यातच येतो. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी असेल तर उत्तम. रात्रभर दिवे जाळून सकाळी स्टार्टर नुसता टिकटिकत बसायला नको.

वायर आणि फ्यूज

घरातली वायर बोटीवर टिकत नाही. खाऱ्या हवेत उघडं तांबं काळं-हिरवं पडतं आणि तो गंज इन्सुलेशनच्या आत सरकत जातो. कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची मल्टिस्ट्रँड वायर घ्या. दिवा बॅटरीपासून ६ मीटर अंतरावर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर होते. १.५ चौरस मिमीच्या वायरवर १ अँपिअरला जेमतेम ०.१४ व्होल्ट पडतो, म्हणून नेव्हिगेशन दिव्यांना, म्हणजे लाल-हिरव्या-पांढऱ्याला, ती पुरते. फ्लडलाइट ४ अँपिअर घेत असतील तर त्यासाठी २.५ चौरस मिमीची घ्या. ३ टक्क्यांपेक्षा जास्त व्होल्टेज वायरमध्येच खर्ची पडू देऊ नका.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आत बसवा. तो वायर वाचवण्यासाठी असतो. दिव्याजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाशिवाय राहते. प्रत्येक दिव्याची मायनस वायरही बसबारपर्यंत (सगळ्या वायर जिथे जोडतात ती धातूची पट्टी) वेगळी आणा. ॲल्युमिनियमच्या बोटीत सांगाडाच मायनस म्हणून वापरला, तर गंज बोटीचं पत्र्याचं अंग खायला लागतो.

बसवायचं काम

१. दिवे तात्पुरते चिकटवून, बॅटरीवर लावून अंधारात जागा बघा. नाळेवरचा स्टीलचा कठडा उजळून डोळ्यांवर येत असेल तर दिवा हलवा. पांढरा दिवा चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर आणि डोक्याच्या मागे हवा.

२. बॅटरीची मायनस वायर सोडवा, मग भोकं पाडा. फायबरच्या थरांमध्ये लाकूड किंवा फोम असेल तर भोकाच्या कडेला इपॉक्सी फासून ती बंद करा. नाहीतर स्क्रूच्या वाटेने पाणी आत मुरतं आणि लाकूड कुजतं. वरून मात्र काहीच दिसत नाही.

३. वायर ओढा. दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथूनच टपकेल. होकायंत्राजवळून वायर न्यायचीच असेल तर प्लस आणि मायनस एकमेकींत पिळून न्या.

४. जोड नुसते पिळून टेप गुंडाळू नका. लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, आणि आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी त्यावर चढवून आकसेपर्यंत गरम करा. नळीच्या तोंडाशी गोंदाचा बारीक थेंब बाहेर आला की जोड बंद झाला.

५. दोन पोलचा, तीन जागांचा स्विच लावा. एका बाजूला केला की पांढरा आणि बाजूचे दिवे दोन्ही लागतील, दुसऱ्या बाजूला फक्त पांढरा, म्हणजे नांगरावर असतानाचा. स्विच सुटे ठेवले तर नांगरावरही लाल-हिरवे चालू राहतात आणि समोरच्याला वाटतं, बोट चालली आहे.

जुन्या दिव्यात नुसता बल्ब बदलायचा असेल तर जपून. लाल काचेमागे पांढरा एलईडी घातला की प्रकाश फिका पडतो, कारण त्यात लाल भागच कमी असतो. कोन आणि पल्लाही बदलू शकतो, म्हणून पूर्ण फिटिंगच बदलणं शहाणपणाचं.

कामाचे दिवे

फ्लडलाइट डेकवर खाली वळवलेले हवेत, आणि बोट चालू असताना बंद. अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झगमगाटात ती वाया जातात. आमिष, गळ आणि नकाशा बघायला १ वॅटचा मंद लाल दिवा पुरतो. मात्र तो बाहेरून दिसणार नाही असा झाका. नाहीतर दुसऱ्याला तो बाजूचा दिवा वाटेल.

तपासणी

सगळे दिवे लावून मल्टिमीटर दिव्याच्या टोकाला धरा. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असेल तर तिथे १२.२ च्या खाली नको. कमी आला तर बहुतेक वेळा एखादा क्रिम्प ढिला असतो. वायरलेस चालू ठेवून दिवे एकेक करून लावा. खरखर वाढली तर त्या एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) हलक्या प्रतीचा आहे. वायरवर फेराइट कडी (खरखर दाबणारी चुंबकीय पदार्थाची कडी) लावून बघा, नाहीतर दिवा बदला.

शेवटी बोट किनाऱ्यावर ठेवून तिच्याभोवती फिरा. २०-३० मीटरवर नाळेच्या अगदी समोर लाल-हिरवे दोन्ही दिसले पाहिजेत. बोटीच्या डावीकडे सरकलात की फक्त लाल. मागून बघताना दोन्ही नाहीसे आणि एकटा पांढरा. लाल-हिरव्याची अदलाबदल झाली असेल तर ती इथेच कळते.