कपाटाच्या दर्शनी चौकटीला बीडिंगची किनार

दार चौकटीच्या आत बसणारे असेल, तर त्याच्याभोवतीची फट टाळता येत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, त्यामुळे सागवानाच्या दाराभोवतीही दीड ते दोन मिलिमीटर जागा सोडावीच लागते. गाळ्याच्या, म्हणजे चौकटीतल्या मोकळ्या जागेच्या, कडेने गोलसर बीडिंग, म्हणजे उठावदार गोल किनार, आणि तिला लागून बारीक खाच असली, की सावलीची एक रेघ आधीच तयार असते आणि फटीची दुसरी रेघ तिच्या जोडीने शोभून दिसते.

बीडिंग थेट चौकटीच्या पट्ट्यांवर कोरायची, तर प्रत्येक सांध्यावर उभ्या पट्टीवरची बीडिंग आडव्या पट्टीच्या रुंदीइतकी काढून टाकून दोन्ही बाजूंची टोके ४५ अंशांत जुळवावी लागतात. घरच्या कामासाठी साधी चौकट आधी जोडून बीडिंगची वेगळी पट्टी गाळ्याच्या आतून चिकटवणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण तिचा जोड खाचेच्या कोपऱ्यात लपतो.

बीडिंग ६ मिलिमीटरची, म्हणजे साधारण दोन सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), आणि खाच २ मिलिमीटरची धरली, तर पट्टी ८ मिलिमीटर रुंद होते. म्हणून ४०० × ६०० मिलिमीटरचा गाळा हवा असेल, तर चौकट ४१६ × ६१६ची जोडावी, आणि दोन्ही कर्ण मोजून ती गुण्यात, म्हणजे काटकोनात, असल्याची खात्री करावी.

अरुंद पट्टीवर राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने कड कोरणारे यंत्र, कधीही चालवू नये. ती थरथरते, फुटते आणि बोटांना धोका होतो. चौकटीच्या जाडीची, लाकडाच्या रेषा सरळ असलेली, बिनगाठीची रुंद फळी घेऊन तिची कड रंध्याने साफ करावी. फळी कडेवर उभी धरून, तिच्या मागे दुसरी जाड फळी वरच्या कडा समपातळीत ठेवून क्लॅम्पने आवळावी, म्हणजे ट्रिमरला (हाती धरायच्या लहान राऊटरला) बसायला रुंद जागा मिळते. बीडिंग बिटचे (बीडिंगचा आकार कोरणाऱ्या पात्याचे) बेअरिंग, म्हणजे त्याला वाट दाखवणारे चाक, फळीच्या दर्शनी बाजूला टेकवावे आणि ती बाजू आपल्याकडे ठेवून ट्रिमर डावीकडून उजवीकडे न्यावा. पूर्ण खोली एकदम न घेता दोन फेऱ्यांत घ्यावी, शेवटची अगदी हलकी. मग खाचेच्या बाहेरच्या भिंतीलगत करवतीने पट्टी वेगळी करावी, कड पुन्हा रंधावी आणि पुढची पट्टी काढावी.

कोपरे ४५ अंशांत कापताना टेपवर विसंबू नये. एक टोक कापून पट्टी प्रत्यक्ष गाळ्यात धरावी, धारदार पेन्सिलीने खूण करावी आणि किंचित लांब कापून रंध्याने एकेक पापुद्रा काढत ती घट्ट बसवावी. गोंद चौकटीच्या कडेच्या मागच्या दोन तृतीयांश भागातच लावावा, म्हणजे तो खाचेत उतरत नाही. तरीही आलाच, तर ओला असतानाच बांबूच्या टोकदार काडीने काढावा, कारण वाळलेल्या गोंदावर पॉलिश धरत नाही. घासताना पॉलिश पेपर बीडिंगच्या गोलाईशी जुळणाऱ्या खोबणीच्या ठोकळ्याला लावावा, नुसत्या बोटाने घासल्यास खाचेची धार मरते.

बिजागऱ्या शक्यतो अशा निवडाव्यात, की त्यांच्या नळीचा (मधल्या गोल भागाचा) व्यास बीडिंगइतकाच असेल. मग नळीच्या लांबीपुरती बीडिंग पटाशीने काढून तिथे नळी बसवली, की किनार वरपासून खालपर्यंत अखंड दिसते.