जिगसॉ पझल अडलंय? या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. हजार तुकड्यांचं पझल काढायला याहून बरे दिवस नाहीत. फक्त ते कूलरच्या झोतासमोर मांडू नका. दमट हवेनं पुठ्ठा फुगतो, कडा उचलतात आणि बरोबर तुकडाही बसेनासा होतो. सतरंजीवरही नको. हजाराचं चित्र साधारण ७० बाय ५० सेंमी भरतं. त्याहून थोडी मोठी प्लायची फळी घ्या, जेवायच्या वेळी दिवाणाखाली सरकवता येते.

कड आधी लावावी हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती झाली म्हणून हुरळून जाऊ नका. हजारच्या डब्यात बहुतेकदा ३८ गुणिले २७, म्हणजे १०२६ तुकडे निघतात आणि त्यात कडेचे जेमतेम १२६.

माणसं अडतात ती आकाशापाशी. निळ्या शंभर तुकड्यांच्या ढिगात जोड्या होतात ४९५०. क्षितिजाकडचे फिके आणि वरचे गडद असे पन्नास-पन्नास वेगळे केले, तर प्रत्येकी १२२५, काम निम्म्यावर. मग जागेला किती खुंट, किती खाचा लागतात तेवढंच बघून तुकडा शोधा.

सगळ्यात छळतो तो 'बसल्यासारखा' तुकडा. स्वस्त पझलमध्ये आकार सारखेच असतात, अंगठ्यानं दाबलं की चुकीचाही बसतो. एक तुकडा चुकला की दोन जागा बिघडतात: तो बसलाय ती आणि त्याची स्वतःची. बोंब मात्र दुसऱ्याच दिवशी, भलत्याच कोपऱ्यात उठते. वहीच्या पहिल्या पानावरची बेरीज चुकावी तसं. म्हणून अडलात की उरलेले तुकडे चिवडत बसू नका, लावलेले तपासा. जोड उजेडाकडे धरा. फटीतून प्रकाश आला, रेघ किंचित तुटली, की काढा.

१७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं लाकडावर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवर कापून विकले. आतले तुकडे एकमेकांत अडकतच नसत. फ्रान्स कुठे ते माहीत हवं, बस्स. आजही आकारापेक्षा चित्रावर जास्त भरवसा ठेवा.

शेवटचा तुकडा सापडत नसेल, तर सोफा उलटा करण्याआधी घरातल्या पोट्ट्यांचे खिसे तपासा. तो मान आपल्यालाच मिळावा म्हणून एखादं तरी लपवून ठेवतंच.