उन्हाळ्यात घरचे पाणी वाचवताना : आधी मोजावे, मग गळती शोधावी

पंचगंगा उंबऱ्याशी, पश्चिमेला राधानगरीसारखे धरण आणि 2019 व 2021 चे महापूर डोळ्यांसमोर असल्यामुळे कोल्हापूरकरांना पाणीटंचाई ही दुसऱ्या जिल्ह्याची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात एप्रिल-मे महिन्यांत नदीचे पात्र मुख्यत्वे धरणांतून सोडलेल्या पाण्यावर टिकून असते. काळम्मावाडीहून सुमारे 53 किलोमीटर लांबीच्या थेट पाईपलाईनने 2023 पासून शहराला पाणी मिळू लागले, तरी उपसा केंद्राची वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की पेठांमध्ये घागरी रांगेत लागतातच. म्हणून या दिवसांत प्रत्येक घराने आपला पाणीवापर एकदा नीट तपासावा, अशी मनापासून विनंती आहे.

बचतीची सुरुवात मुलांना रागावण्यापासून न करता मोजणीपासून करावी. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज 135 लिटर हा मापदंड धरला जातो. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला 540 लिटर पुरायला हवेत. एके दिवशी सकाळी मीटरचा आकडा लिहून ठेवावा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहावा आणि फरक काढावा. मीटरवरील एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर, हे लक्षात ठेवले की हिशेब सोपा होतो. मीटर चालू नसेल, तर गच्चीवरील टाकीत रात्री निजण्यापूर्वी काठी उभी धरून ओल कुठवर आली ते खुणेने नोंदवावे. रात्रभर कोणी पाणी वापरले नसताना आणि टाकीत नवे पाणी आले नसताना सकाळी पातळी खाली गेलेली दिसली, तर घरात कुठेतरी गळती आहे हे निश्चित समजावे.

ही गळती बहुधा शौचालयाच्या फ्लशच्या टाकीत सापडते, कारण तिथले पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहते. टाकीचे झाकण काढून आत कपड्यांना घालतात त्या निळीचे चार-पाच थेंब टाकावेत आणि अर्धा तास कोणी फ्लश वापरू नये. तेवढ्या वेळात भांड्यातल्या पाण्यावर निळसर छटा आली, तर आतील रबरी वॉशर झिजला आहे असे समजून तो बदलून घ्यावा. प्लंबरला हे काम अवघड नसते आणि खर्चही फारसा येत नाही. जुन्या मोठ्या टाकीत एका फ्लशला दहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी जाते. अशा टाकीत पाण्याने भरून घट्ट बूच लावलेली एक लिटरची बाटली, आतल्या यंत्रणेला अडणार नाही अशी उभी ठेवली, तर दर वेळी तेवढे पाणी वाचते. बाटलीऐवजी वीट मात्र ठेवू नये, कारण तिचा चुरा होऊन झडप अडकते.

यानंतरचा मुद्दा सवयीचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सकाळी चावीला पाणी आले, की आदल्या दिवशी भरलेला हंडा, कळशी आणि पिंप शिळे झाले म्हणून मोरीत ओतून देण्याची पद्धत अनेक घरांत आहे. एका मध्यम पिंपाचे पाणी म्हणजे चार-पाच बादल्या, आणि त्यात एका माणसाची अंघोळ व कपडे सहज होतात. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले आणि हात न बुडवता ओगराळ्याने घेतलेले पाणी एका रात्रीत खराब होत नाही. पिण्यासाठी ताजे भरावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु उरलेले पाणी फरशी पुसायला, कपडे भिजवायला किंवा शौचालयासाठी वापरावे. साठवणुकीची भांडी आठवड्यातून एकदा मात्र पूर्ण रिकामी करून आतून घासावीत, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्या कोरड्या दिवसाचे पाणीही मोरीऐवजी कुंड्यांना किंवा अंगणातल्या झाडांना घालावे.

अंघोळीला शॉवरऐवजी बादली घ्यावी, दाढी करताना आणि दात घासताना नळ बंद ठेवावा आणि भांडी वाहत्या नळाखाली न धुता टबात खळबळून घ्यावीत. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना चालते. दुचाकी किंवा मोटार पाईप लावून धुऊ नये. पाईपने बादली किती सेकंदांत भरते हे घड्याळ लावून एकदा पाहावे, म्हणजे त्याचे कारण कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

आरओ यंत्राबाबतही विचार करायला हवा. ते एक लिटर शुद्ध पाणी देताना बहुधा त्याहून जास्त पाणी बाहेर टाकते. पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असतील, तर आरओची गरज सहसा नसते; म्हणून यंत्र घेण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. यंत्र आधीच बसवलेले असेल, तर त्याची सांडपाण्याची नळी बादलीत सोडावी. ते पाणी फरशी आणि शौचालयाला चांगले. क्षार जास्त असल्याने कुंड्यांना मात्र रोज घालू नये.

अपार्टमेंटमध्ये गच्चीवरील टाकी भरून वाहणे हा मोठा अपव्यय आहे, आणि ती कोणाच्याच घरची नसल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होते. टाकी भरताच मोटर आपोआप बंद करणारा स्विच सर्वांनी वर्गणी काढून बसवावा, आणि तो बसेपर्यंत मोटर सुरू करणाऱ्याने मोबाईलवर गजर लावावा. नळाच्या जोडणीला थेट मोटर लावून पाणी खेचणे तर कोणीच करू नये. त्यामुळे गल्लीच्या टोकाच्या घरांना पाणी पोहोचत नाही, शिवाय वाहिनीत पोकळी निर्माण होऊन जमिनीतले घाण पाणी सांध्यांतून आत ओढले जाण्याचा धोका असतो. रस्त्यावर जलवाहिनी गळताना दिसली, तर जवळची खूण सांगून त्याच दिवशी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला कळवावे.