सरकारी म्हणवणारा फोन किंवा ईमेल कसा पारखावा

सरकारी कार्यालयाच्या नावाने आलेला फोन खरा की खोटा, हे बोलणाऱ्याच्या भारदस्त आवाजावरून किंवा त्याला आपल्याविषयी असलेल्या माहितीवरून ठरवायला जाणे, ही बहुतेकांची पहिली चूक असते. आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, घरचा पत्ता, बँकेचे नाव, क्वचित वडिलांचे नावसुद्धा समोरच्याला ठाऊक असते, कारण अशी माहिती फुटलेल्या याद्यांमधून विकत मिळते. पडद्यावर दिसणारा क्रमांकही पुरावा मानता येत नाही. परदेशातून केलेला कॉल भारतीय क्रमांकावरून आल्यासारखा दाखवता येतो, आणि असे कॉल अडवण्यासाठी दूरसंचार विभागाला ऑक्टोबर 2024 मध्ये स्वतंत्र यंत्रणा सुरू करावी लागली. दुसरीकडे, साध्या मोबाइल क्रमांकावरून आला म्हणून फोन खोटा, असेही म्हणता येत नाही, कारण पारपत्राच्या पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातील कर्मचारी पुष्कळदा स्वतःच्या मोबाइलवरूनच फोन करतात. मग पारखायचे कशावरून? समोरचा माणूस आपल्याला फोन ठेवू देतो का, यावरून.

सरकारी कामाला फाइल असते, जावक क्रमांक असतो, उत्तर देण्यासाठी मुदत असते. आपण ‘मी उद्या कार्यालयात येऊन भेटतो’ असे म्हटले तर खऱ्या कर्मचाऱ्याचे काही बिघडत नाही. बहुधा त्याला हायसेच वाटते. ठकाचे मात्र सगळे काम त्या एका कॉलमध्येच उरकायचे असते, म्हणून तो काहीही करील पण संपर्क तुटू देणार नाही.

हल्ली ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने चालणारा, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक झाल्याचे भासवून लुबाडण्याचा प्रकार जवळून पाहिला, तर हे स्पष्ट दिसते. सुरुवात अनेकदा ध्वनिमुद्रित संदेशाने होते: आपला मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी 9 दाबा. 9 दाबल्यावर बोलणारा स्वतःला दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ‘ट्राय’चा अधिकारी म्हणवतो, आपल्या नावावरील दुसऱ्या एका क्रमांकावरून गुन्हा घडल्याचे सांगतो आणि कॉल ‘पोलीस ठाण्याला जोडून’ देतो. (ट्राय कोणाचाही क्रमांक बंद करण्यासाठी ग्राहकाला फोन करीत नाही, क्रमांक बंद करणे हे मोबाइल कंपनीचे काम आहे. सारा डोलारा या पहिल्याच वाक्यावर उभा असतो.) मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस येतो, त्याच्यामागे फायलींची चवड आणि भिंतीवर राजमुद्रा असते, आणि थोड्याच वेळात मोबाइलवर शिक्क्यासह अटक वॉरंट येऊन पडते. यापुढे दोन आज्ञा होतात: कॅमेरा बंद करायचा नाही, आणि प्रकरण गोपनीय असल्याने घरातल्या कोणालाही काही सांगायचे नाही. शेवटी ‘निधी पडताळणी’साठी खात्यातील रक्कम सांगितलेल्या खात्यात वर्ग करायला लावतात आणि ती तपासणीनंतर परत मिळेल असे आश्वासन देतात. मुदत ठेव मोडताना बँकेने कारण विचारले तर कोणते उत्तर द्यायचे, हेही तेच पढवतात. माझ्या मते या साऱ्यात सर्वांत ठळक खूण हीच आहे, कारण बँकेशी खोटे बोलायला सांगणारी तपास यंत्रणा जगात नाही.

कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही तरतूद नाही, आणि खुद्द पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 रोजी आकाशवाणीवरून हे सांगितले होते. पोलिसांना एखाद्याला चौकशीसाठी बोलवायचे असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 नुसार हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. अशी नोटीस व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेल्या वॉरंटवरील शिक्का खरा दिसतो की खोटा, याची चिकित्सा करीत बसण्याचे कारणच उरत नाही.

शंका आली की फोन ठेवावा. त्यासाठी समोरच्याची परवानगी घेऊ नये आणि वादही घालू नये. त्यानंतर त्या कार्यालयाचा क्रमांक आपण स्वतः मिळवावा: अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता हाताने टाइप करून, जुन्या पावतीवरून किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात प्रत्यक्ष जाऊन. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर ‘खात्री करून घेणे’ म्हणजे त्याच टोळीतल्या दुसऱ्या माणसाशी बोलणे होय. सर्च इंजिनवर सर्वांत वर दिसणारा ‘हेल्पलाइन’ क्रमांकही बिनधास्त वापरू नये, कारण तिथे बनावट क्रमांक पेरलेले असतात. आणि हे सर्व करण्याआधी घरातल्या एका माणसाला सगळा प्रसंग मोठ्याने सांगावा. सांगता सांगताच त्यातल्या विसंगती आपल्यालाच ऐकू येऊ लागतात.

ईमेलमध्ये धाक कमी आणि आमिष अधिक असते: प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाला आहे, बँक खात्याचा तपशील भरा. येथे प्रथम प्रेषकाचे नाव सोडून पत्ता पाहावा, कारण नावाच्या जागी कोणालाही काहीही लिहिता येते. पत्ता वाचण्याची रीत मात्र आपल्या सवयीच्या उलट आहे, म्हणजे तो उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो, आणि ही नावे केवळ सरकारी संस्थांनाच मिळतात. पण ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असा पत्ता असेल, तर त्याचा मालक कोणी अमुकतमुक आहे. त्याच्या डावीकडचे सरकारी शब्द नुसती सजावट आहेत. लिंकच्या बाबतीत हेच वाचन पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या अलीकडून सुरू करावे. मोबाइलवर लिंकवर बोट दाबून धरले, तर बहुतेक ॲपमध्ये ती न उघडता तिचा पूर्ण पत्ता दिसतो.

या नियमालाही अपवाद आहेत. रिझर्व्ह बँकेचे संकेतस्थळ ‘ओआरजी डॉट इन’वर आहे, त्यामुळे ‘गव्ह डॉट इन’ नाही म्हणून खोटे असे सरसकट म्हणता येत नाही. आणि प्रेषकाचा पत्ता बनवताही येत असल्यामुळे तो बरोबर दिसला म्हणून ईमेल खरा, असेही नाही. प्राप्तिकर खात्याच्या पत्रांपुरता एक पक्का उपाय आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून त्यांवर दस्तऐवज ओळख क्रमांक देण्याची पद्धत आहे, आणि तो क्रमांक खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही पडताळता येतो. पत्रातील लिंकवरून मात्र त्या पोर्टलवर जाऊ नये.

वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइल, म्हणजे उघडताच मोबाइलवर ॲप बसवू पाहणारी फाइल, कधीही उघडू नये. चलन पाहायला ॲप लागत नाही. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून ते पाहता येते.

पैसे गेलेच असतील, तर लाजेपायी वेळ दवडू नये. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या 1930 या सरकारी मदत क्रमांकावर तत्काळ फोन करावा, कारण रक्कम एका खात्यातून पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता आली तरच ती हाती लागण्याची शक्यता असते. व्यवहार क्रमांक, वेळ आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील जवळ ठेवावा, बँकेलाही कळवावे आणि ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार नोंदवावी. संदेश आणि कॉलची नोंद पुसू नये. पैसे गेले नसले तरी संशयित फोनची माहिती दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ या सोयीत देता येते. तक्रारीनंतर काही दिवसांनी सायबर पोलीस किंवा वकील म्हणवणाऱ्या कोणाचा तरी फोन येऊ शकतो: आपली रक्कम सापडली आहे, ती सोडवण्यासाठी थोडे शुल्क भरावे लागेल. एकदा फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात, आणि हा फोन बहुधा त्याच यादीवरून आलेला असतो.