शैवालातील ट्रान्सपोझॉन शोधताना या चुका टाळा

ट्रान्सपोझॉन म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारे डीएनएचे घटक. रिपीटमॉडेलर या साधनाने दिलेली त्यांच्या कुटुंबांची यादी तशीच, जीनोममधल्या प्रती शोधून झाकणाऱ्या रिपीटमास्करला द्यायची आणि निघालेल्या आलेखावरून उत्क्रांती सांगायची, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. यादीतले कन्सेन्सस, म्हणजे प्रत्येक कुटुंबाचे प्रातिनिधिक क्रम, बरेचदा तुटके असतात. एकाच ट्रान्सपोझॉनचे तीन तुकडे तीन कुटुंबे म्हणून मोजले जातात.

उपाय हाताने करायचा आहे. कन्सेन्सस जीनोमवर ब्लास्ट करा (सारखे क्रम शोधा), उत्तम वीस-तीस प्रती घ्या, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंचे २००० बेस सोबत काढा आणि मॅफ्ट या साधनाने एकाखाली एक जुळवा. जुळणी जिथे एकदम मोडते, तिथे घटकाचे टोक. कडेपर्यंत जुळतच राहिली, तर आणखी २००० बेस वाढवून पुन्हा करा. मग टोकालगतची लक्ष्यस्थळाची द्विरुक्ती, म्हणजे घटक घुसताना त्याच्या दोन्ही बाजूंना उमटणारा तोच छोटा क्रम, पाहा. क्लॅमिडोमोनास राइनहार्टी या हिरव्या शैवालातल्या सुमारे १२ किलोबेसच्या गलिव्हर या ट्रान्सपोझॉनला ती ८ बेसची असते. ती सापडली की टोक बरोबर धरले आहे, असे समजा.

मात्र द्विरुक्ती नाही म्हणून घटक फेकू नका. याच शैवालात १९८८ मध्ये वर्णन झालेला टॉक१ हा डर्स गटातला. हे घटक टायरोसिन रिकॉम्बिनेज या विकराच्या मार्गाने घुसतात, त्यामुळे द्विरुक्ती उरतच नाही. नेहमीची एलटीआर (घटकाच्या दोन्ही टोकांचे लांब, सारखे क्रम) शोधणारी साधने त्यांना सर्रास चुकवतात.

‘अज्ञात’ शिक्क्याची कुटुंबे सरसकट झाकू नका, म्हणजे जनुके शोधताना वगळू नका. हिस्टोनसारखी खरी जनुकेही अनेक प्रतींत असतात. झाकली की जनुकांच्या यादीतून गेलीच. आधी प्रथिनांच्या डेटाबेसशी ताडून पाहा.

शॉर्ट रीड्स, म्हणजे डीएनए वाचनाचे आखूड तुकडे, जोडून बनवलेल्या जीनोममध्ये प्रतींची संख्या मोजू नका. जवळपास सारख्या, म्हणजे नुकत्याच उडालेल्या प्रती एकमेकींत मिसळतात आणि नेमकी सक्रिय कुटुंबेच लहान दिसतात.

कल्चरमध्ये जिवाणू असतील, तर त्यांचे आयएस घटक (जिवाणूंचे छोटे ट्रान्सपोझॉन) शैवालाचे वाटू शकतात. उलट विषाणूंची जनुके दिसली म्हणून कॉन्टिग (जोडून बनलेला जीनोमचा सलग तुकडा) लगेच टाकूनही देऊ नका: २०२० च्या एका अभ्यासात हिरव्या शैवालांच्या ६५ पैकी २४ जीनोममध्ये महाविषाणूंचा डीएनए मुरलेला सापडला. लाँग रीड (एका वाचनातला लांब तुकडा) थेट इंट्रॉन असलेल्या शैवाल-जनुकापर्यंत जाते का, कव्हरेज (तो भाग किती वेळा वाचला गेला) शेजारच्या भागाइतकेच आहे का, हे पाहून ठरवा.

घटक कधी घुसला हे वय काढताना भाताचा उत्परिवर्तनाचा दर उसना घेऊ नका. एकाच घटकाच्या दोन एलटीआरमध्ये १ टक्का फरक आहे असे धरा. फरकाला दराच्या दुपटीने भागायचे. भाताचा दर वर्षाला १.३ × १०⁻⁸, म्हणून उत्तर सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षे. क्लॅमिडोमोनासचा मोजलेला दर पिढीला साधारण १०⁻⁹, म्हणून उत्तर ५० लाख. पण ही वर्षे नव्हेत, पिढ्या आहेत. निसर्गात त्याची पिढी किती दिवसांची, हे धरून चालता येत नाही. म्हणून आलेखाच्या अक्षावर ‘पिढ्या’ असेच लिहा.